दांडा नेमका कुठे अडकतो, ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओहायोत राहणाऱ्या एका गृहस्थांनी फिरत्या ड्रमचा जुना पावडर मेझर, म्हणजे काडतुसात पावडर (दारू) मापून टाकणारं, दांड्याने फिरवायचं हातयंत्र विकत घेतलं. त्यावर ते रायफलची .२२३ रेमिंग्टन काडतुसं काडीच्या आकाराच्या पावडरीने भरतात आणि पिस्तुलाची ९ एमएम चपट्या, पापडीदार पावडरीने. दर आठ-दहा खेपांनी दांडा मध्येच अडतो, जोर लावला की कचकन आवाज होऊन पुढे सरकतो. मोकळा व्हावा म्हणून त्यांनी त्यावर स्प्रेचं तेल मारलं. दोन दिवस बरं चाललं, मग आधीपेक्षा जास्त अडकायला लागला. शिवाय काही पुंगळ्यांत, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या नळकांड्यांत, पावडर कमी पडलेली दिसली. मेझर टाकून द्यावा का, आणि पावडर आपोआप वजन करून देणारा इलेक्ट्रॉनिक डिस्पेन्सर घ्यावा का, असं त्यांनी विचारलंय.

मेझर टाकू नका. ओतीव लोखंडाच्या बॉडीचा हा प्रकार सहसा मरत नाही, नीट साफ केला तर तुमच्या मुलांनाही पुरेल. पण पाना हातात घ्यायच्या आधी एक काम करा. दांडा अडायला लागल्यापासून जेवढी काडतुसं भरली आहेत ती सगळी वेगळ्या डब्यात काढा, डब्यावर मोठ्या अक्षरात तसं लिहा, आणि त्यातलं एकही रेंजवर नेऊ नका.

यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण दुरुस्तीपेक्षा हे महत्त्वाचं आहे. पूर्ण अडकलेला मेझर फारसं नुकसान करत नाही. दांडा हलत नाही, तुम्ही थांबता, विषय तिथे संपतो. घात होतो तो अर्धवट अडकण्याने. दांडा वरपासून खालपर्यंत फिरतो, हाताला सगळं ठीक वाटतं, आणि पावडर मात्र नळीत तुंबून बसलेली असते. या पुंगळीत निम्मीच पडते आणि राहिलेली पुढच्या पुंगळीच्या वाट्याला जाते. .२२३ मध्ये साधारण पंचवीस ग्रेन पावडर असते आणि पुंगळी जवळजवळ भरते, त्यामुळे जास्तीची पावडर तोंडातून सांडते आणि चूक डोळ्यांना दिसते. ९ एमएममध्ये चार-पाच ग्रेनचा मामला. एका पौंडात ७,००० ग्रेन आणि एका ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन हा हिशेब धरला तर चार ग्रेन म्हणजे जेमतेम पाव ग्रॅम. घट्ट बसणारी पावडर असेल तर दुप्पट पडली तरी पुंगळीत मावते, वरून गोळीही बसते. .३८ स्पेशलमध्ये तर याहून सोपं, कारण त्या पुंगळीचा आकार काळ्या दारूच्या हिशेबाने ठरलेला आहे आणि आजची पावडर तिच्या तळाशीच राहते. ९ एमएमसाठी अमेरिकेतल्या सामी या संस्थेने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय आहे. दुप्पट पावडरीचा दाब त्याच्या कितीतरी पुढे जातो, आणि पिस्तूल तुमच्या दोन हातांत, चेहऱ्यासमोर असतं.

कमी पडली तरी सुटका नाही. नुसत्या प्रायमरच्या (पुंगळीच्या बुडातल्या, पावडर पेटवणाऱ्या टिकलीच्या) जोरावर गोळी पुंगळीतून निघते आणि बॅरलमध्ये रुतून बसते. आवाज फुसका येतो. घाईत असलेला माणूस पुन्हा स्लाइड ओढून दुसरा बार टाकतो आणि बॅरल फुगतं किंवा फाटतं.

आता हमखास येणारा प्रश्न: भरलेली काडतुसं वजन करून वाईट तेवढी वेगळी काढता येतील का? ९ एमएममध्ये येणार नाहीत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्या मिसळल्या असतील तर त्यांच्या वजनातच काही ग्रेनचा फरक असतो, गोळ्यांचा वेगळा. चार ग्रेनची चूक त्या गोंधळात सहज लपते. .२२३ मध्येही दोन-तीन ग्रेन कमी पडलेली वजनावरून सापडत नाहीत. पुंगळीतून गोळी उपसायचा, हातोडीच्या आकाराचा बुलेट पुलर मिळतो, तो घ्या आणि संशयातली सगळी काडतुसं उघडा. कंटाळवाणं काम आहे, एक संध्याकाळ जाईल. निघालेली पावडर बाटलीत परत टाकू नका. आत तेल गेलेलं असणार, आणि ती नक्की कुठली हे महिन्याभराने आठवणार नाही.

मूळ विषयाकडे जाण्याआधी कायद्याचं थोडं सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत एच-१बी वर आलेले बरेच असतील. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. पण एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक आणि दारूगोळा जवळ बाळगायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असणं यासारखे मोजके अपवाद आहेत. आणि त्या कायद्याच्या व्याख्येत ‘दारूगोळा’ म्हणजे फक्त तयार काडतूस नाही. पुंगळी, प्रायमर, गोळी आणि पावडर हे सुटे भागही त्यात येतात. म्हणजे बंदूक नाही, नुसती पावडरीची बाटली आहे, ही पळवाट चालत नाही. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर संघराज्याची ही अडचण नाही, राज्याचे नियम मात्र वेगळे बघावे लागतात. भारतात असाल तर शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे घरी हा उद्योग करूच नका. स्वप्नील कुसाळे ज्या रायफलने पॅरिसला कांस्यपदक घेऊन आला तिची काडतुसं .२२ रिमफायर, आणि ती तर सहसा कोणी घरी परत भरत नाही, कारण तिथे वेगळा प्रायमर नसतोच.

आता दांडा. हॉपरमध्ये, म्हणजे पावडरीच्या वरच्या डब्यात, थोडीच पावडर घ्या, खाली रिकामी वाटी ठेवा, आणि दांडा मुद्दाम हळू फिरवा. अगदी हळू. कुठे अडतो ते बोटांना कळलं पाहिजे. सुरुवातीच्या थोड्याशा फिरकीत अडतो, की पूर्ण फेरीभर जड चालतो, की परत येताना अडतो, की अडतच नाही पण पावडर खाली येत नाही? या चारांची कारणं वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं तुमच्याकडे यातले तीन एकत्र नांदताहेत.

सुरुवातीलाच अडतो आणि कचकन आवाज येतो, ती पावडरीची काडी कापली जाण्याची खूण. मेझरच्या आत काय होतं ते बघा. ड्रममध्ये एक खळगा असतो, दांडा एका टोकाला असताना तो हॉपरच्या खाली येतो आणि पावडरीने भरतो. दांडा फिरवला की खळग्याची कड बॉडीच्या कडेखालून सरकते आणि वरची पावडर सपाट तासली जाते. गोल दाण्यांची पावडर असेल तर दाणे इकडेतिकडे लोळून वाट करून देतात. काडीची पावडर तसं करत नाही. आयएमआर ४०६४ ची एक काडी साधारण दोन मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटरला थोडी कमी जाड असते. ती निम्मी खळग्यात आणि निम्मी वर अशी उभी राहिली की दोन लोखंडी कडांमध्ये सापडते. मग एक तर कापली जाते नाहीतर ड्रम थांबतो. त्या पावडरीच्या बाबतीत हा मेझरचा दोष नव्हे, स्वभाव आहे. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, लांब काडी चालवणाऱ्या प्रत्येक फिरत्या ड्रममध्ये थोडीफार कचकच होतेच.

एखाद-दुसरी काडी कापली गेल्याने भारात, म्हणजे एका पुंगळीत पडणाऱ्या पावडरीच्या मापात, फरक पडत नाही, त्याची धास्ती घेऊ नका. फरक पडतो तो तुमच्या हातामुळे. अडलं की माणूस दांड्यावर आदळतो, त्या हादऱ्याने खळग्यातली पावडर दबते, वरून आणखी दाणे आत शिरतात आणि ती खेप जड होते. म्हणून नियम असा ठेवा: अडलं की जोर लावायचा नाही. दांडा जरा मागे घ्यायचा, काडीला आडवं व्हायला जागा द्यायची, मग पुन्हा पुढे. आणि अशी मागेपुढे झालेली खेप पुंगळीत टाकायची नाही, वाटीत घेऊन हॉपरमध्ये परत ओतायची. हा दुसरा भाग बहुतेक जण गाळतात.

कड गुळगुळीत करायला कानस लावावी का, असं बरेच जण विचारतात. नका लावू. कड गोल झाली की तिथे पाचरीसारखी फट तयार होते आणि काडी तिच्यात अजून छान अडकते. शिवाय ड्रम आणि बॉडी यांच्यातली फट इंचाच्या हजाराव्या भागात मोजायची असते, एकदा वाढली की बारीक गोल पावडर तिच्यातून गळायला लागते, ती परत भरून निघत नाही.

मेझर दोन ड्रमचा असेल तर लहान ड्रम पिस्तुलासाठी आणि मोठा रायफलच्या मोठ्या भारांसाठी वापरा. जुन्या मेझरसोबत पुष्कळदा एकच ड्रम येतो आणि तोही कुठला ते विकणाऱ्याला माहीत नसतं. पंचवीस ग्रेनसाठी मोठ्या व्यासाचा खळगा उथळ ठेवून वापरला तर तासली जाणारी कड लांब होते, म्हणजे काडी सापडायची शक्यता वाढते. अरुंद आणि खोल खळगा केव्हाही बरा.

आता तेलाकडे येऊ, कारण खरं दुखणं तिथे आहे. पूर्ण फेरीभर जड चालणारा दांडा म्हणजे फटीत काहीतरी बसलंय. जवळजवळ प्रत्येक धूरविरहित पावडरीवर ग्रॅफाइटचा पातळ थर असतो, म्हणून तर ती काळी-राखाडी दिसते आणि बोटाला लागते. कोरड्या मेझरमध्ये हाच ग्रॅफाइट ड्रमला वंगण देतो. त्यावर तेल पडलं की ग्रॅफाइट, पावडरीचा चुरा आणि तेल यांचा लगदा होतो. पहिले दोन दिवस तेल ओलं असतं तोवर दांडा मस्त फिरतो, म्हणून तुम्हाला गुण आल्यासारखं वाटलं. नंतर तेल चुरा ओढून घेतं, लगदा घट्ट होतो आणि ड्रम धरायला लागतो. वाईट भाग पुढे आहे. खळग्याच्या भिंती तेलकट झाल्या की दाणे तिथे चिकटतात आणि सगळा भार खाली पडत नाही. आणि तेल लागलेले दाणे खाली जाऊन प्रायमरजवळ बसले तर तो बार धड पेटेलच याची खात्री नाही. तुमच्या कमी भरलेल्या पुंगळ्यांचं निम्मं उत्तर इथेच आहे.

मेझर रिकामा करा. दांडा चार-पाच वेळा फिरवून आतली उरलेली पावडर वाटीत घ्या आणि ती फेकायच्या पावडरीत टाका. मग हॉपर काढा, खालची नळी काढा, ड्रमला धरून ठेवणारा नट किंवा स्क्रू सोडवा आणि ड्रम बाहेर सरकवा. तो कुठल्या बाजूने निघतो ते लक्षात ठेवा, कारण काही मेझरमध्ये ड्रम किंचित निमुळता असतो आणि उलटा घातला की बसत नाही. फोनवर प्रत्येक पायरीचा फोटो काढून ठेवा. दिव्याखाली ड्रम फिरवून बघितलात तर खळग्याच्या एका कडेला चकचकीत काळी पट्टी दिसेल, नखाने खरवडली तर निघेल आणि नखाखाली मेणासारखी बसेल. त्या पट्टीत अर्धवट कापलेली एखादी काडीही रुतलेली सापडेल, तिचा कापलेला तुकडा आतून पिवळसर दिसतो. तीच पट्टी तुमचा दांडा धरते. बॉडीच्या आतही तिची जोडीदार असणार, टॉर्च लावून बघा.

धातूचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने नाहीतर मोटारीच्या ब्रेक क्लीनरने धुवा. दार-खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको, आणि आजूबाजूला उघडी पावडर नको. ब्रेक क्लीनर प्लास्टिकच्या हॉपरला लागू देऊ नका, प्लास्टिक पांढरं पडून तडकतं. हॉपर कोमट पाण्यात भांडी धुवायच्या साबणाने धुवा आणि तसाच निथळायला ठेवा. फडक्याने पुसलात की घर्षणाने स्टॅटिक तयार होतं आणि मग दाणे भिंतीला चिकटून बसतात. सगळं वाळायला एक रात्र द्या. खळग्याच्या तळाशी जो दट्ट्या स्क्रूने वरखाली होतो तोही बाहेर काढून धुवा, त्याच्या कडेने तेल आत गेलेलं असतं आणि तिथून पुढे आठवडाभर झिरपत राहतं. लोकांचा मेझर साफ केल्यावरही आठ दिवसांनी परत बिघडतो तो या दट्ट्यामुळे.

जुना मेझर असल्यामुळे गंजही बघा. ओहायोतल्या तळघरात उन्हाळ्यात ओल असते, ओतीव लोखंडावर तांबूस ठिपके येतात. ते बारीक स्टील वूलने अलगद काढा, ड्रमच्या गोल अंगावर गोलच दिशेने घासा, आडवं-उभं नको. मग कोरडी ग्रॅफाइट पूड बोटाने चोळा, जास्तीची झटकून टाका. तेल, ग्रीस, सिलिकॉन, मेण यांतलं काहीही ड्रमच्या जवळ यायला नको. ज्यांना ग्रॅफाइट मिळत नाही ते एक-दोन बाटल्या गोल दाण्याची पावडर मेझरमधून नुसती काढतात आणि परत ओततात, तिच्याच ग्रॅफाइटने काम होतं.

जोडताना नट हाताने लावा. दांडा फिरवून बघा, थोडा आवळा, पुन्हा फिरवा. ड्रम बाजूला हलायला नको आणि फिरायला मोकळा हवा, एवढंच. पावडर गळते म्हणून पान्याने कचकचीत आवळलेले मेझर मी खूप बघितलेत, आणि त्यांच्या मालकांची तक्रार हीच असते की दांडा अडकतो. बारीक गोल पावडर थोडी गळत असेल तर खाली ताटली ठेवा. नट आवळून गळती थांबवणं म्हणजे ड्रम घासून टाकणं.

तिसरी गोष्ट, दांडा छान फिरतो आणि पावडर येत नाही. हेच जास्त भीतीचं. पाभरीने पेरणी बघितली असेल तर चाड्यात मूठ मोकळी झाली तरी नळ्यात माती-काडीकचरा बसला की बी खाली जात नाही, आणि मागे वळून बघेपर्यंत तास रिकामा गेलेला असतो. .२२३ च्या पुंगळीचं तोंड साडेपाच-पावणेसहा मिलिमीटरचं, त्यातून दोन मिलिमीटरच्या पंचवीस ग्रेन काड्या एकदम खाली कोसळतात. दोन-तीन काड्या आडव्या एकमेकींवर रेलल्या की कमान तयार होते आणि वरची सगळी पावडर तिच्यावर उभी राहते. दांडा सावकाश, सलग गतीने फिरवला तर काड्या रांगेने उतरतात. झटक्याने फिरवला तर एकदम कोसळून तुंबतात. हाताची चाल बदलून बघा, निम्मा त्रास तिथेच जातो.

नळी कुठली लावली आहे तेही बघा. मेझरसोबत दोन नळ्या येतात, एक .२२ साठी अरुंद आणि एक मोठ्या कॅलिबरसाठी. अरुंद नळी .२२३ ला लागतेच, पण ९ एमएमला तीच ठेवून चालवली तर चपटी पावडर तिथे तुंबते. आणि पुंगळीच्या गळ्यात आतून साइझिंगचं (वापरलेली पुंगळी परत मापात दाबतानाचं) वंगण राहिलं असेल, किंवा पुंगळ्या पाण्यात धुवून आतून पूर्ण वाळल्या नसतील, तर नळीचं टोक ओलं होतं, दाणे तिथे चिकटतात आणि दर खेपेला तो थर वाढत जातो. तुमच्याकडे नळीचं टोक बोटाने पुसून बघा. बोट चिकट लागलं तर मेझरला उगाच दोष देत होतो असं समजा.

स्टॅटिकचं काय? ओहायोत हिवाळ्यात घरातली भट्टी चालू असते, हवा इतकी कोरडी होते की दाराच्या मुठीला हात लावला तरी चटका बसतो. प्लास्टिकच्या हॉपरला दाणे चिकटलेले दिसले तर ते स्टॅटिक. कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकतात तो सुगंधी कागद एकदा हॉपरच्या आतून फिरवा, आणि मेझर धातूच्या प्रेसवर (काडतुसं भरायच्या यंत्रावर) बसवून प्रेसला अर्थिंग द्या. खोलीत ह्युमिडिफायर लावला तर त्याहून चांगलं. ही ठिणगी धूरविरहित पावडर पेटवेल अशी भीती लोक घालतात. ग्रॅफाइटमुळे दाण्यांवर विजेचा भार फारसा साचत नाही, त्यामुळे इथली अडचण मुख्यतः मापाची असते, स्फोटाची नाही. काळ्या दारूचं तसं अजिबात नाही. ती ठिणगीला फार हळवी असते, त्यामुळे तिच्यासाठी बनवलेला खास मेझर सोडून दुसऱ्या कशातही ती घालायची नाही. हा एक नियम असा आहे की त्यावर चर्चा नको.

परतीच्या वाटेवर दांडा अडत असेल तर बहुतेक वेळा फटीत बारीक चुरा असतो, वर सांगितलेल्या सफाईने तो जातो. प्रोग्रेसिव्ह प्रेसवरच्या (दांड्याच्या एका ओढीत अनेक पुंगळ्यांवर वेगवेगळी कामं करणाऱ्या यंत्रावरच्या) मेझरमध्ये परत ओढणारी स्प्रिंग किंवा सळई सैल झाली असेल तर तिथेही बघायचं. तुमचा साधा बेंचवरचा मेझर आहे, त्यामुळे लांबण लावत नाही. फक्त प्रोग्रेसिव्हवाल्यांनी एक लक्षात ठेवा: पावडरीच्या स्टेशनवर काहीही अडलं की तिथली पुंगळी आणि तिच्या पुढची पुंगळी दोन्ही काढून रिकाम्या करायच्या. त्याच पुंगळीवर दांडा दुसऱ्यांदा ओढला की दुप्पट पावडर पडते. अपघात तिथेच होतात. आणि स्टीलच्या पिनांसोबत पाण्यात घासून लख्ख केलेल्या ९ एमएमच्या पुंगळ्या पावडर टाकता टाकता पुंगळीचं तोंड रुंद करणाऱ्या एक्स्पांडरला आतून घट्ट धरतात, बाहेर येताना झटका बसतो आणि पावडर उडते. त्यांच्या तोंडाला आतून चिमूटभर कोरडा ग्रॅफाइट लावला की झटका जातो.

पावडर बदलणार असाल तर माझं स्पष्ट मत आहे. .२२३ मध्ये मापकाने टाकायची असेल तर लांब काडी घेऊच नका. एच३३५ किंवा डब्ल्यू७४८ सारखी गोल दाण्याची पावडर मेझरमधून पाण्यासारखी वाहते आणि खेपा अगदी जवळजवळ येतात. गोल दाण्याची पावडर १९३३ मध्ये वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत तयार झाली, आणि मोजायला सोपी हा तिचा गुण तेव्हापासून आहे. काडीच हवी असेल, थंडी-उन्हात वेग फारसा बदलू नये म्हणून बरेच जण मुद्दाम काडी घेतात, तर आयएमआर ८२०८ एक्सबीआर सारखी आखूड काडीची बघा, तिने कचकच फारच कमी होते. पावडर बदलली की भार पुन्हा पहिल्यापासून, पावडर कंपनीच्या ताज्या पुस्तकातला सुरुवातीचा आकडा घेऊन. जुन्या पावडरीवर बसवलेली मेझरची स्क्रूची खूण नव्या पावडरीला अजिबात लागू होत नाही, दोघींची घनता वेगळी असते.

सेट केल्यावर पहिल्या दहा खेपा वाटीत घ्या आणि परत ओता, तोवर पावडर हॉपरमध्ये बसून स्थिर होते. हॉपर अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, आत आडवा पत्रा नसेल तर तो विकत घ्या किंवा पातळ पत्र्याचा कापून घाला, वरच्या पावडरीचं ओझं खळग्यावर सारखं पडत राहतं. मग दहाव्या-पंधराव्या खेपेला वजनकाट्यावर घाला. इलेक्ट्रॉनिक काटा पंख्याच्या झोताने आणि शेजारी ठेवलेल्या मोबाइलने सुद्धा भरकटतो, तपासणीचं वजन जवळ ठेवा. पुंगळ्या पन्नासच्या ठोकळ्यात उभ्या करून, गोळी बसवायच्या आधी प्रत्येकीत टॉर्चने पावडरीची उंची बघा. ९ एमएममध्ये ही सवय नसेल तर बाकी काही करून उपयोग नाही.

रात्री मेझरमध्ये पावडर ठेवू नका. हॉपर रिकामा करून पावडर तिच्याच बाटलीत जायला हवी, कारण दोन दिवसांनी हॉपरमध्ये कुठली होती हे सांगता येत नाही आणि वासावरून, रंगावरून पावडर ओळखण्याचा प्रयत्न कोणी करू नये. नायट्रोग्लिसरीन असलेली पावडर प्लास्टिकही गढूळ करते. तुमचा हॉपर आतून धुरकट दिसत असेल तर आधीच्या मालकाने ती तशीच ठेवलेली होती एवढं नक्की. धुरकट हॉपर चालतो, फक्त पावडर किती उरली ते नीट दिसत नाही.

आता इलेक्ट्रॉनिक डिस्पेन्सर. महिन्याला शंभर-दोनशे .२२३ काडतुसं लांब काडीच्या पावडरीने भरायची असतील आणि लांबवर अचूकता हवी असेल, तर घ्या, पैसे वसूल होतील. त्यात तासायची कड नसते, त्यामुळे काडी कापली जात नाही. पण तो एका भाराला दहा-वीस सेकंद घेतो, गरम व्हायला वेळ लागतो, आणि त्याच्या नळीच्या टोकावर काड्यांचा घोस बसून एकदम पडला की भार वर जातो, तेव्हा त्याचं बीप ऐकून तो भार परत टाकावाच लागतो. ९ एमएमसाठी मात्र तो घेऊ नका. चार ग्रेन चपट्या पावडरीत त्याच्या काट्याची एक दशांश ग्रेनची हालचालच मोठी ठरते, आणि तुमचा धुतलेला, कोरडा, लहान ड्रमचा मेझर तेच काम दसपट वेगाने करतो. आधी दट्ट्या धुवा आणि नट हाताने लावा. दांडा पंचवीस-तीस खेपा न अडता चालला की मग डिस्पेन्सरचे पैसे खर्च करायचे की नाही ते ठरवा.